चाकांवरील हलके घर

घर बरोबर घेऊन हिंडावे ही मनुष्याची फार जुनी हौस आहे. तिच्या आड येणारी अडचणही तितकीच जुनी आहे, आणि ती म्हणजे घराचे वजन. अबुल फजलाने 'ऐन-ए-अकबरी'त बादशाही छावणीचा जो तपशील दिला आहे, त्याप्रमाणे एका मुक्कामाचे डेरे, राहुट्या व कनाती हलविण्यासाठी १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. पुढे डिसेंबर १६६४ मध्ये औरंगजेब दिल्लीहून लाहोर व काश्मीरकडे निघाला, तेव्हा त्याच्या लवाजम्याबरोबर बर्निये नावाचा फ्रेंच वैद्य होता. त्याच्या वर्णनावरून असे दिसते की, बादशहाचा तळ दुहेरी असे. एका तळावर बादशहा विश्रांती घेत असता दुसरा पुढच्या मुक्कामी उभारला जाई. घर एवढे जड की ते मालकाच्या चालीने चालू शकत नसे, म्हणून घरेच दोन करावी लागली!

दिल्लीच्या रस्त्यांवर चाकांवरच्या घराचा याहून अगदी निराळा नमुना अनेक वर्षे पाहावयास मिळत आला आहे. हा नमुना म्हणजे गाडुलिया लोहारांची बैलगाडी. १५६८ मध्ये चितोड पडल्यावर, किल्ला पुन्हा आपला होईपर्यंत घराच्या छपराखाली राहावयाचे नाही अशी शपथ आपल्या पूर्वजांनी घेतली, असे हे लोक परंपरेने सांगतात. ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरूंनी त्यांना समारंभपूर्वक चितोडच्या किल्ल्यात नेले व त्या शपथेतून मोकळे केले. त्यांची गाडी जाड लाकडाची, लोखंडी व पितळी पट्ट्यांनी मढविलेली. तीत भांडी, अवजारे व धान्य मावते, परंतु माणसांना निजण्यासाठी बहुधा गाडीशेजारची जमीनच असते. बैलांना ओढता येईल एवढ्या वजनात सामानही बसावे आणि माणसेही बसावीत, हे जुन्या साहित्याने साधण्यासारखे नव्हते.

आज तोच प्रश्न लहान मोटारीच्या मागे जोडावयाच्या ट्रेलरविषयी उभा राहतो. गुडगाव, नोएडा वा फरिदाबाद येथील एखाद्या हौशी कुटुंबाने दोन माणसे निजू शकतील अशी पेटी लहान मालवाहू ट्रेलरवर स्वतः बांधावयाचे ठरविले, तर ती कशाची बांधावी? लोखंडी पत्र्याची केली तर मोटार दमते व मेच्या उन्हात आत भट्टी होते. प्लायवुडची केली तरी वजन फारसे सुटत नाही. कापडाची केली तर ती निवासगाडी न राहता राहुटीच झाली. या तिन्हींहून निराळा असा एक मार्ग परदेशातील हौशी बांधणाऱ्यांनी रुळविला आहे. गाडीची भिंत फेसाळलेल्या प्लॅस्टिकच्या फळीची करावयाची आणि तिच्या दोन्ही अंगांना कापड व गोंद यांचे पातळ आवरण द्यावयाचे. बोटाने दाबली असता जिच्यात खळगा पडतो अशा फळीची भिंत वारापावसात टिकावी, हे प्रथमदर्शनी खरे वाटत नाही. ते खरे का आहे, आणि कोठे खरे नाही, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे.

दोन आवरणांमधील अंतर

वाचकाने प्रथम एक सोपा प्रयोग करून पाहावा. चित्रकलेच्या जाड कागदाचे हातभर लांबीचे दोन ताव घ्यावेत, ते एकावर एक चिकटवून दोन पुस्तकांवर पुलासारखे ठेवावेत आणि मध्यभागी एक लिंबू ठेवावे. पूल लगेच खाली वाकेल. आता तसलेच दोन ताव बोटभर जाडीच्या थर्माकोलच्या पट्टीला खालून व वरून खळीने चिकटवून वाळू द्यावेत आणि तोच प्रयोग पुन्हा करावा. लिंबाऐवजी आता पाण्याचा तांब्या ठेवला तरी पूल बहुधा जागचा हलणार नाही. कागद तेवढेच आहेत. थर्माकोलची भर पडली आहे खरी, पण थर्माकोलचे स्वतःचे बळ अत्यल्प आहे. मग हे बळ आले कोठून?

कोणतीही फळी वाकते तेव्हा तिचा वरचा थर आखडतो व खालचा थर ताणला जातो. मधोमधचा थर मात्र जवळजवळ जसाच्या तसा राहतो. म्हणजे वाकण्याला विरोध करण्याचे काम मुख्यतः बाहेरचे दोन थर करतात. हे थर परस्परांपासून जितके दूर, तितका त्यांचा जोर अधिक, आणि हा जोर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मधल्या भागाने दोनच कामे करावयाची असतात. थरांमधील अंतर त्याने राखावयाचे आणि एका थराला दुसऱ्यावरून घसरू द्यावयाचे नाही. या कामाला हलका पदार्थ पुरतो.

आकडे घेतल्यास ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. ३ मिलिमीटर जाडीचे दोन प्लायवुडचे ताव एकमेकांना चिकटवले, तर दर चौरस मीटरला वजन सुमारे ३.६ किलोग्रॅम भरते. त्यांच्यामध्ये ५० मिलिमीटर जाडीची थर्माकोलची फळी घातली, तर वजनात अवघ्या १ किलोग्रॅमची भर पडते. परंतु गणिताप्रमाणे फळीचा ताठपणा २३० पटींहूनही अधिक वाढतो. प्रत्यक्षात एवढा लाभ पदरी पडत नाही, कारण मधला फेस थोडासा सरकतो. तरीही जे उरते ते पुष्कळच असते. येथे एक गोष्ट वाचकाने मनावर ठसवून घ्यावी. हा सारा व्यवहार गोंदावर चालतो. एखाद्या जागी आवरण फेसापासून सुटले, तर त्या जागी सँडविच राहत नाही. एक पातळ कापड व एक मऊ फळी एवढेच शिल्लक राहते.

ही युक्ती निसर्गाला जुनीच ठाऊक आहे. आपल्या कवटीची हाडे कठीण अशा दोन पापुद्र्यांची असून त्यांच्यामध्ये जाळीदार हाडाचा थर असतो. माणसाने ती मोठ्या प्रमाणावर वापरली ती विमानांत. २५ नोव्हेंबर १९४० रोजी प्रथम उडालेल्या 'मॉस्किटो' या ब्रिटिश विमानाचा सांगाडा बर्चच्या प्लायवुडमध्ये हलके बाल्सा लाकूड घालून केलेला होता. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेत बर्ट रुटान याने 'व्हेरी-ईझी' हे छोटे विमान उडविले. त्यात फेसाच्या ठोकळ्याला हवा तो आकार देऊन त्यावर काचतंतूंचे कापड व इपॉक्सी चढविलेले होते. महागड्या साच्यांची गरजच उरली नाही. घरच्या ओट्यावर विमान बांधता येते असे दिसल्यावर त्याच रीतीने गाडी बांधण्याचा विचार कोणाच्या तरी मनात येणे स्वाभाविकच होते.

फेस कोणता व कसला

थर्माकोलची महाराष्ट्रातील वाचकांना निराळी ओळख करून द्यावयास नको. गणपतीचे मखर करताना तापलेल्या तारेने थर्माकोल कापणारे हात घरोघर होते. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ मध्ये आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आली आहे; उष्णतारोधक म्हणून वापरावयाच्या फळ्यांना ती लागू नाही. पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकच्या बारीक मण्यांत पेंटेन नावाचा सहज उकळणारा द्रव मुरविलेला असतो. वाफेची धग लागताच पेंटेनची वाफ होऊन मणी फुगतात, आणि साच्यात दाबले की परस्परांना चिकटून त्यांचा ठोकळा बनतो. १ घनमीटर भरीव पॉलिस्टायरीनचे वजन १,०५० किलोग्रॅम असते. फुगविलेल्या ठोकळ्याचे अवघे २० किलोग्रॅम. हिशेब केल्यास दिसून येईल की, अशा ठोकळ्याचे शंभरांतील ९८ भाग म्हणजे कोंडलेली हवा होय.

बाजारात यापेक्षा थोडी महाग अशी दुसरी जात मिळते. तिला व्यापारी 'एक्स.पी.एस.' म्हणतात. हिच्यात मणी नसतात. वितळलेले प्लॅस्टिक फेसाळलेल्या स्थितीतच यंत्राच्या फटीतून दाबून फळीच्या आकारात बाहेर काढलेले असते. मण्यांमधल्या सांध्यांतून थर्माकोलमध्ये पाणी झिरपू शकते, एक्स.पी.एस.ला असे सांधेच नसल्याने ती पाणी फारच कमी पिते, शिवाय ती अधिक टणक असते. निवासगाडीच्या भिंतींना हीच जात घ्यावी. साधा थर्माकोलच घ्यावयाचा झाल्यास त्याची घनता विचारून घ्यावी. भारतीय मानक ४६७१ मध्ये घनमीटरला १५ पासून ३५ किलोग्रॅमपर्यंतच्या प्रती दिल्या आहेत, आणि दुकानात आवेष्टनासाठी म्हणून जो थर्माकोल मिळतो तो बहुधा सर्वांत हलक्या प्रतीचा असतो. हाताच्या नखाने ज्याचे मणी सुटतात असा माल या कामाचा नव्हे.

पॉलिस्टायरीनला दोन शत्रू आहेत. पेट्रोल, ॲसिटोन, थिनर यांसारखे द्रव त्याला क्षणात विरघळवितात. मोटारगॅरेजमध्ये काचतंतूंबरोबर जे नेहमीचे पॉलिएस्टर रेझिन वापरतात, त्यातही स्टायरीन असल्यामुळे तेही फेस खाऊन टाकते. या एका अज्ञानापायी कित्येकांची मेहनत डोळ्यांदेखत वितळून गेली असेल. काचतंतू वापरावयाचे असतील तर इपॉक्सीच घ्यावे. दुसरा शत्रू उष्णता हा होय. ७५ ते ८० अंश सेल्सिअसच्या पुढे हा फेस मऊ पडू लागतो. उकळत्या पाण्याखेरीज एवढे तापमान कोठून येणार, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु दिल्लीच्या उन्हाचा विचार करताना याचे उत्तर आपणांस मिळेल.

बांधणी

आपण २.४ मीटर लांब, १.५ मीटर रुंद व १.२ मीटर उंच अशी पेटी कल्पू. हिच्यात दोन माणसे सुखाने निजू शकतात. उभे मात्र राहता येत नाही, आणि ते तसेच असावे. उंची वाढविली की वारा वाढतो. भिंती, छप्पर व पुढची-मागची बाजू मिळून सुमारे १३ चौरस मीटर क्षेत्र होते, आणि तळाचे सुमारे ३.६. ५० मिलिमीटरची एक्स.पी.एस. फळी व दोन्ही बाजूंचे कापड, गोंद व रंग धरून दर चौरस मीटरला ३.३ ते ३.४ किलोग्रॅम वजन पडते, म्हणजे १३ चौरस मीटरला सुमारे ४४ किलोग्रॅम. हेच क्षेत्र १२ मिलिमीटर प्लायवुडने झाकले तर ९४ आणि १.२ मिलिमीटर पत्र्याने झाकले तर १२२ किलोग्रॅम होतील, आणि त्यांना आधार देणारा सांगाडा व उष्णतारोधक अस्तर वेगळेच. तळासाठी फेसावर ९ मिलिमीटर प्लायवुड, दार, खिडक्या, लाकडी पट्ट्या व बिजागऱ्या यांची भर घातली, तरी आपली पेटी १०० किलोग्रॅमच्या आसपास राहते.

साहित्यासाठी दूर जावे लागत नाही. प्लायवुड व लाकूड कीर्तिनगरच्या बाजारात, लोखंडी सामान श्रद्धानंद मार्गावर व रसायने तिलक बाजारात मिळतात.

प्रथम तळ तयार करून तो ट्रेलरच्या चौकटीवर बोल्टांनी आवळावा. बोल्टाच्या डोक्याखाली मोठी चकती किंवा लाकडाची पट्टी हवी. नाहीतर बोल्ट फेसात रुतत जाईल. हाच नियम सर्वत्र लागू आहे. फेसात स्क्रू धरत नाही. जेथे जेथे बिजागरी, कडी, दिवा किंवा फळी बसवावयाची आहे, तेथे तेथे फेस खोदून लाकडाचा तुकडा आधीच गाडून चिकटवावा लागतो. अनुभवी बांधणारे यासाठी कागदावर पूर्ण आराखडा काढल्याशिवाय फळीला हात लावीत नाहीत. मागाहून सुचलेला दिव्याचा हुक हा या कामातील नेहमीचा पश्चात्ताप आहे.

फळ्या एकमेकींना जोडण्यास पॉलियुरेथेनचा गोंद चालतो. तो वाळेपर्यंत सांधे हलू नयेत म्हणून बांबूच्या टोकदार काड्या खिळ्यांसारख्या आरपार ठोकतात व त्या आतच राहू देतात. छपराला गोलाई द्यावयाची असल्यास फळीच्या आतल्या अंगाला निम्म्या जाडीपर्यंत समांतर काप घ्यावेत; फळी सावकाश वाकते, आणि काप गोंदाने भरले की तोच बाक कायम राहतो. कापताना तापलेली तार वापरल्यास धूर निघतो, म्हणून हे काम अंगणात करावे. करवतीने कापले तर धूर नाही, पण पांढरा भुसा विद्युत्भाराने अंगाला, केसांना आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना चिकटतो.

पेटी उभी राहिल्यावर घासकागदाने सर्व पृष्ठभाग किंचित खरबरीत करावा व कडा गोल कराव्यात, कारण तीक्ष्ण कडेवर कापड प्रथम फाटते. यानंतर आवरण. सुतार ज्याला त्याच्या व्यापारी नावाने फेविकॉल म्हणतात तो पांढरा गोंद थोड्या पाण्याने पातळ करून फळीवर पसरावा, त्यावर धुऊन आटविलेले जाड सुती कापड ताणून बसवावे, आणि वरून पुन्हा गोंद चोपडून ते पूर्ण भिजवावे. बुरुड टोपलीला शेणामातीने लिंपतो किंवा बुकबाइंडर पुठ्ठ्यावर कापड चढवितो, त्याच जातीचे हे काम आहे. घाई केल्यास फुगे राहतात. वाळल्यावर कापड ढोलाच्या पानासारखे ताठ होते. आतल्या व बाहेरच्या दोन्ही अंगांना आवरण द्यावे. एकच अंग झाकले तर वर सांगितलेला सँडविचचा लाभ मिळत नाही, शिवाय कापड आटताना फळी एका बाजूला ओढली जाते.

पांढरा गोंद ओलाव्याने पुन्हा मऊ होतो, हा त्याचा दोष आहे. दिल्लीत वर्षाकाठी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जुलै ते सप्टेंबर या काळात पडतो. म्हणून बाहेरून उघड्या भिंतींचा ॲक्रिलिक रंग तीन-चार हातांनी लावावा आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कडा, दाराची चौकट व बोल्टांच्या जागा तपासून डागडुजी करावी. रंग नेहमी पांढराच असावा. याचे कारण सौंदर्याचे नसून उष्णतेचे आहे.

ऊन आणि थंडी

जून महिन्यात दिल्लीला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जवळजवळ ८५ अंशांवर, म्हणजे अगदी डोक्यावर येतो. त्यामुळे उन्हाचा मारा भिंतींपेक्षा छपरावर अधिक होतो. सफदरजंग वेधशाळेत २९ मे १९४४ रोजी ४७.२ अंश तापमान नोंदले गेले. (२९ मे २०२४ रोजी मुंगेशपूर येथे ५२.९ अंशांची नोंद झाली व देशभर गाजली; पुढे तपासणीत ते उपकरण सुमारे ३ अंश अधिक दाखवीत असल्याचे हवामान खात्याने सांगितले.) हवा ४४ अंशांवर असता गडद रंगाचे छप्पर उन्हात ८० अंशांच्या घरात जाऊ शकते, म्हणजे फेस मऊ पडण्याच्या उंबरठ्यावर. पांढरे छप्पर त्याच उन्हात ५५ अंशांच्या आसपास राहते. गडद निळी निवासगाडी छायाचित्रात शोभून दिसेल. दिल्लीच्या जूनमध्ये तिचे छप्पर खचेल.

फेसामुळे गाडी थंड राहते, असे सरसकट म्हटले जाते ते मात्र तितकेसे खरे नाही. फेस उष्णतेला अडवितो, नाहीशी करीत नाही. दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या बंद पेटीत अखेरीस उष्णता शिरतेच, आणि आत बसलेल्या माणसांच्या अंगची उष्णता बाहेर जाण्यासही तोच फेस आडवा येतो. त्याचा उपयोग असा की, आत थंडावा उत्पन्न केला तर तो थोडक्या खर्चात टिकतो. मे-जूनच्या कोरड्या लूमध्ये वाळ्याचा पडदा किंवा लहान कूलर चांगले काम करतो. मात्र समोरची खिडकी उघडी हवी. जुलैत हवा दमट झाली की तोच कूलर निरुपयोगी होतो.

थंडीचा हिशेब अधिक मनोरंजक आहे. १ जानेवारी २०२१ रोजी सफदरजंगला पारा १.१ अंशांपर्यंत उतरला होता. निजलेला मनुष्य सुमारे ७५ वॅट उष्णता देतो, म्हणजे दोघे मिळून १५०. आपल्या फेसाच्या पेटीतून आतबाहेरच्या दर अंश फरकामागे भिंतींवाटे सुमारे १० वॅट निसटतात, आणि श्वसनासाठी आवश्यक तेवढी हवा खेळती ठेवल्यास आणखी १२. म्हणजे केवळ अंगच्या उबेवर आतील तापमान बाहेरच्यापेक्षा जवळजवळ ७ अंशांनी अधिक राहील. पत्र्याच्या पेटीत हाच फरक दीड अंशाहून कमी भरतो. ४ अंशांच्या रात्री फेसाच्या पेटीत ११ अंश असतील, आणि एका रजईत तेवढ्यावर झोप लागते.

हवा व अग्नी

वरील हिशेबात खेळत्या हवेची बाब आहे, ती वगळण्याचा मोह प्रत्येकाला होतो. भोक बुजविले तर आणखी सात-आठ अंश पदरात पडतील, हे खरे. परंतु पेटीत हवा किती आहे? अवघी ४.३ घनमीटर. दोन माणसे निजल्या स्थितीत तासाला सुमारे २५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. घट्ट बंद पेटीत पाच तासांत त्याचे प्रमाण शंभरांत ३ भागांजवळ जाईल, आणि सकाळी डोके दुखत उठावे लागेल. पत्र्याच्या वा लाकडाच्या पेटीला नकळत राहिलेल्या फटी असतात; फेसाची पेटी गोंदाने इतकी बंदिस्त होते की ही चूक तिच्यात अधिक महाग पडते. म्हणून एक झरोका खाली व एक वर, असे दोन झरोके बांधतानाच ठेवावेत, आणि ते बंद करता येऊ नयेत.

याहून फार मोठा धोका अंगीठीचा. दिल्लीच्या हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची अंगीठी पेटवून निजलेली माणसे सकाळी मृतावस्थेत सापडल्याच्या बातम्या जवळजवळ दरवर्षी येतात. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जखडला जातो, आणि झोपलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. सामान्य खोलीच्या दशांश आकाराच्या पेटीत हे किती लवकर घडेल हे सांगावयास नको. निवासगाडीत अंगीठी, शेगडी, गॅसचा हीटर, मेणबत्ती यांपैकी काहीही पेटवू नये. स्वयंपाक बाहेर करावा.

या नियमाला दुसरेही कारण आहे. पॉलिस्टायरीन जळते, आणि वाईट रीतीने जळते. दाट काळा धूर सोडीत ते वितळून त्याचे पेटते थेंब खाली पडतात. ज्योत दूर केली असता विझणारी प्रत बाजारात मिळते व तीच घ्यावी. तथापि तिचा अर्थ ती जळतच नाही असा कोणी करू नये. विजेची तार फेसातून उघडी नेऊ नये, नळीतून न्यावी. दाराखेरीज माणूस सहज बाहेर पडू शकेल एवढी मोठी खिडकी विरुद्ध बाजूला असलीच पाहिजे. अशी खिडकी नसलेल्या पेटीत मुलांना निजवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रस्त्यावर व वाऱ्यात

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलर हेही वाहनच आहे. त्याला नोंदणी लागते, आणि नोंदलेल्या वाहनात मनास येईल तसा फेरफार करण्यास त्या कायद्याचे ५२ वे कलम प्रतिबंध करते. म्हणून फळीला करवत लावण्यापूर्वीच आराखडा घेऊन परिवहन कार्यालयात जावे. गाडी चालू असता ट्रेलरमध्ये कोणीही बसू नये, मग तो कितीही सुबक बांधलेला असो.

सामान भरताना जड वस्तू आसाच्या किंचित पुढे ठेवाव्यात. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी सुमारे दहावा हिस्सा जोडणीच्या आकड्यावर आला पाहिजे. पाण्याचे पिंप मागे ठेवले की आकडा वर उचलला जातो, आणि ठराविक वेगापुढे ट्रेलर माशाच्या शेपटीसारखा डुलू लागतो. हे डुलणे एकदा वाढले की ब्रेक दाबून थांबत नाही. आकड्याखाली सुटीसाठी साखळी हवी. डिसेंबर-जानेवारीत यमुना द्रुतगती मार्गावर धुके इतके दाट असते की पुढची मालमोटार हाताच्या अंतरावर येईपर्यंत दिसत नाही. मागचे दिवे व परावर्तक पट्ट्या यांत काटकसर करू नये. धुक्यात निघूच नये हे उत्तम.

आता हलकेपणाची उणी बाजू. ट्रेलरचे स्वतःचे वजन १५० किलोग्रॅम धरले, तर रिकामी निवासगाडी २५० किलोग्रॅमची होते. तिची बाजू सुमारे २.९ चौरस मीटरची आहे. पावसाळ्यापूर्वी उत्तर भारतात ज्या आंध्या येतात, त्यांत ताशी ९० किलोमीटर वेगाचा झोत आडवा आला तर या बाजूवर सुमारे १२७ किलोग्रॅम वजनाइतका रेटा बसतो, आणि चाकांमधील अंतर १.३ मीटर असल्यास गाडी कशीबशी उभी राहते. झोत ताशी १०० किलोमीटरचा झाला की हिशेबाचे पारडे फिरते आणि ती उलटते. ३० मे २०२२ च्या वादळाने दिल्लीत शेकडो झाडे पाडली व जामा मशिदीच्या घुमटाचा कळस मोडला, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. आत दोन माणसे निजली असली तर त्यांच्या वजनाने गाडी अधिक स्थिर होते. खरा धोका अंगणात वा तळावर उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीला आहे. तेव्हा राहुटीला जशा मेखा लागतात, तशाच हिलाही लागतात. ट्रेलरच्या चौकटीच्या चारी कोपऱ्यांना लोखंडी कड्या जोडून घ्याव्यात आणि मुक्कामी पोहोचताच हातभर लांबीच्या चार मेखा बाहेरच्या बाजूला तिरप्या ठोकून दोर आवळून बांधावेत. दोर पेटीला नव्हे, चौकटीलाच बांधावेत. नाहीतर चौकट जागेवर राहील आणि पेटी वाऱ्याबरोबर जाईल.